बाबासाहेब दोनदा लोकसभा हरले, पण मत कुजवू दिलं नाही

माजलगावात विधानसभेला कुठल्याही जातीचा उमेदवार उभा राहू शकतो. बीड जिल्ह्यातल्याच केजमध्ये मात्र उमेदवार अनुसूचित जातीचाच लागतो. मतदान तिथेही सगळेच करतात. म्हणजे राखीव जागेवर कोण जाणार हे एकटे दलित मतदार ठरवत नाहीत, अख्खा मतदारसंघ ठरवतो.

हे असं का? उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात आहे.

आधी मत तरी द्या

1913 ते 1916 बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या नागरिकांना कागदावर मताचा हक्क होता. पण मतदान कर आणि साक्षरता परीक्षा लावून त्यांना मतदानापासून लांब ठेवलं जायचं.

भारतात तर तेव्हा मालमत्ता आणि शिक्षण असणाऱ्या मोजक्यांनाच मत होतं. 1919 मध्ये साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांची मागणी होती, सगळ्याच प्रौढांना मत द्या.

पुणे करारात काय झालं?

ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिशांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. तिथे त्यांचा प्रतिनिधी फक्त तेच निवडणार होते. याविरोधात गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा 71 वरून 148 झाल्या, पण मतदार संयुक्त झाले. केजमधली आजची पद्धत याच वाटेने आली.

1937 : सगळी मतं एकाला

1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने 17 जागा लढवल्या आणि 14 जिंकल्या. खुद्द बाबासाहेबांनी काँग्रेसचे उमेदवार आणि नामवंत क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांचा पराभव केला.

या यशामागे एक नियमही होता. तिथे एकापेक्षा जास्त जागा असलेल्या मतदारसंघात मतदार आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देऊ शकत होता. त्यामुळे संख्येने कमी असलेला समाज एकजुटीने आपला माणूस निवडून आणू शकायचा.

1952 : नियम बदलला

पहिल्या लोकसभा निवडणुकीत सगळ्या प्रौढांना मत मिळालं. तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या माजलगावच्या लोकांनीही पहिल्यांदाच असं मतदान केलं. काही मतदारसंघांत एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागा होत्या. मतदाराला दोन मतं होती, पण आता दोन्ही एकाला देता येत नव्हती.

बाबासाहेब उत्तर मुंबईतून शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. समाजवादी अशोक मेहता त्यांचे सोबती होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी जिंकले. या निवडणुकीत 74 हजारांवर मतं बाद झाली. कम्युनिस्टांनी मतं कुजवण्याचा प्रचार केला, असा आरोप करत आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका केली. तिचा उपयोग झाला नाही.

1954 : भंडारा

दोन वर्षांनी भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. पुन्हा दोन जागा, पुन्हा सोबतीला मेहता. तेव्हाचा एक किस्सा सांगितला जातो. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं, आपल्या लोकांना एकच मत द्यायला सांगू, दुसरं कुजवू, म्हणजे आपली जागा पक्की होईल. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. हरलो तरी चालेल, पण मत वाया घालवायला सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

निकाल लागला. मेहता जिंकले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले.

पुढे काय?

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. फेडरेशन तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत होती, म्हणजे दलित मतांना इतरांच्या मतांची जोड मिळाली होती.

दोन जागांचे मतदारसंघ 1961 मध्ये बंद झाले. संयुक्त मतदार मात्र कायम आहेत. म्हणूनच केजच्या राखीव जागेवरचा उमेदवार आजही प्रत्येक जातीच्या दारात मत मागायला जातो.