सर जॉन अँब्रोझ फ्लेमिंग

डाव्या हाताची तीन बोटे परस्परांशी काटकोनात धरून चुंबकीय क्षेत्र, विद्युतधारा व बल ह्यांच्या दिशा ताडून पाहिल्या नाहीत, असा दहावीचा विद्यार्थी विरळा. परंतु ज्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, ते फ्लेमिंगसाहेब कोण, असे विचारताच सारा वर्ग खाली पाहतो, असा आमचा अनुभव आहे.

त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८४९ रोजी इंग्लंडात लँकेस्टर येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. दिवसा कारकुनी व रात्री अभ्यास करून १८७० साली ते पदवीधर झाले. पुढे शाळामास्तरकी करून पैसा साठविला आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, केवळ मॅक्सवेल ह्यांच्या पायाशी बसता यावे म्हणून, केंब्रिजला पुन्हा विद्यार्थी झाले.

१८८२ साली ते एडिसनच्या लंडन येथील कंपनीत लागले. तेथे दिव्यांची काच आतून काळवंडत असे. इतर लोक असा दिवा फेकून देत. फ्लेमिंगसाहेबांनी त्या काजळीचा पिच्छा पुरविला. १९०४ साली त्यांनी दिव्यातील तारेभोवती धातूची नळी बसविली. तापलेल्या तारेतून निघालेले विद्युत्कण निर्वातातून नळीकडे जात. थंड नळीतून मात्र परत येत नसत. आपल्या विहिरीवरील इंजिनाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही, तसेच हे. म्हणून ह्या दिव्यासही व्हॉल्व्ह हेच नाव पडले.

दोनच वर्षांनी अमेरिकेत डी फॉरेस्ट ह्यांनी त्यात तिसरा अवयव घातला. पुढे त्याला जाळीचे रूप आले आणि क्षीण आवाज मोठा करण्याची सोय झाली. फ्लेमिंगसाहेबांनी ह्याचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने कधीच दिले नाही. येथे आमच्या चरित्रनायकाचे मन थोडे कोते पडले, असे म्हणणे भाग आहे.

१९४७ साली ट्रान्झिस्टर निघाल्यावर व्हॉल्व्ह मागे पडले. तरी गिटार वाजविणारे अद्यापि त्यांचेच ॲम्प्लिफायर पसंत करतात, आणि हौशी मुले ते घरी जुळवितात. ज्या उष्णतेवर व्हॉल्व्ह जगतो, तीच शेजाऱ्यांचा घात करते. ई. एल. ३४ जातीच्या एका व्हॉल्व्हची नुसती तापतार सुमारे ९.५ वॅट वीज घेते. शिवाय पट्टीवर २५ वॅटपर्यंत उष्णता निर्माण होते. असे दोन म्हणजे पेटीत जवळजवळ ७० वॅटची शेगडीच! तिला खेटून इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बसविल्यास तो आतून वाळतो. उष्णता दर १० अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून व्हॉल्व्हांत अंतर ठेवावे, कंडेन्सर दूर न्यावे, तापणारे रेझिस्टन्स फळीपासून किंचित उचलून जोडावे, वर-खाली वाऱ्यास वाट ठेवावी. उलटे टांगलेले व्हॉल्व्ह तर आपली धग थेट वरच्या जोडकामावर सोडतात. कळंबला वैशाखात पेटीत शिरणारी हवाच ४० अंशांची असते, हे विलायती नकाशे काढणाऱ्याच्या गावीही नसते. पालकांनी इतके मात्र ध्यानात ठेवावे की, आत ४०० व्होल्टपर्यंत दाब असतो व वीज तोडल्यावरही तो कंडेन्सरात साठून राहतो. जाणत्या माणसावाचून मुलांस ती पेटी उघडू देऊ नये.

असो. ज्यांच्या शोधामुळे पुढे घरोघरी रेडिओ बोलू लागला, त्या फ्लेमिंगसाहेबांस स्वतःस फार कमी ऐकू येई. तरीही १९३३ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी दुसरा विवाह केला तो एका गायिकेशी! १८ एप्रिल १९४५ रोजी सिडमथ येथे ते निवर्तले.