डॉ. घाटगे आणि साडेचौदा हजार फूट

पेपरात इंजिनाची पॉवर काढताना आपण हवेची घनता टेबलातून उचलतो अन् पुढे जातो. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्यासमोर हाच आकडा होता, तेव्हा त्यावर नवशिक्या वैमानिकांचा जीव अवलंबून होता.

घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचे, जन्म १९०८ चा. मुंबईत शिकून ते जर्मनीला गेले. ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट केली. परतल्यावर बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. तिथल्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ साली विमानशास्त्राचा विभाग निघाला, तोही सुरुवातीला त्यांनीच सांभाळला.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला जुन्या टायगर मॉथच्या जागी नवं शिकाऊ विमान हवं होतं. घाटग्यांनी एचटी-२ चं डिझाईन केलं आणि ५ ऑगस्ट १९५१ ला ते उडालं. इंजिन १५५ हॉर्सपॉवरचं, पिस्टनचं, सुपरचार्जर नसलेलं. असं इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळणार. वर जाऊ तशी हवा विरळ, पॉवर कमी. चढण्याचा वेग मिनिटाला शंभर फुटांवर आला की ती त्या विमानाची व्यवहारातली कमाल उंची, म्हणजे सर्व्हिस सीलिंग. एचटी-२ ची ही उंची सुमारे साडेचौदा हजार फूट, आपल्या चिखलदऱ्याच्या चौपट! तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६४ टक्केच उरते.

सुपरचार्जर लावून आणखी वर जाता येतं, पण वजन, खर्च अन् दुरुस्ती वाढते. शिवाय दहा हजार फुटांवर माणसालाच ऑक्सिजन कमी पडायला लागतो. शिकाऊ पोराला तेवढ्या उंचीचं कामच काय?

आता आपल्याकडचा हिशोब बघा. अकोल्याची शिवणीची धावपट्टी साधारण हजार फुटांवर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की तिथली हवा जवळपास पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणजे विमान जागेवरच उभं असताना चार हजार फूट खर्ची पडले! धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. हे विसरणाऱ्याला हवा माफ करत नाही.

एचटी-२ दीडशेहून जास्त तयार झाली. हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या तिच्यावर उडायला शिकल्या. पुढे घाटग्यांच्याच मार्गदर्शनाखाली किरण हे शिकाऊ जेट झालं, ते १९६४ साली उडालं. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ साली ते गेले.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी टेबलातून घनता उचलताना बाजूचा तापमानाचा रकानाही वाचा.