पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ

मानपाडा नावाची वस्ती ठाण्यात आहे आणि डोंबिवलीजवळही आहे. या दोन्ही वस्त्यांतून रोज सकाळी कितीतरी मुली बस आणि लोकल पकडून मुंबईच्या कॉलेजांत शिकायला जातात. त्यांच्यापैकी कोणी चर्चगेटच्या किंवा जुहूच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात जात असेल, तर तिला या अक्षरांचा अर्थ विचारा. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, असे ती सांगेल. पण ज्यांनी हे विद्यापीठ उभे केले, त्यांचे नाव या अक्षरांत कुठेच नाही. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना अण्णा म्हणत. त्यांचे नाव या अक्षरांत का नाही, हे तुम्हांला पुढे कळेलच.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. दापोली तालुक्यातील मुरुड हे त्यांचे गाव. घरची परिस्थिती गरिबीची होती. सतरा वर्षांचे असताना त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ही परीक्षा म्हणजे त्या काळी शिक्षकाच्या नोकरीचे दार होते. त्यासाठी साताऱ्याला जावे लागणार होते. पावसाळा असल्यामुळे बोटी बंद होत्या. म्हणून अण्णा सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून, भर पावसात, सुमारे ११० मैल पायी चालत गेले. ११० मैल म्हणजे किती? मानपाड्याहून पुणे जेवढे लांब आहे, त्याहून जास्त! पण साताऱ्याला पोहोचल्यावर परीक्षा घेणाऱ्या साहेबांना हा किरकोळ मुलगा वयाने लहान वाटला. त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. अण्णा तसेच परत आले आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाले. पुढे आयुष्यभर त्यांनी जी कामे केली, त्यांत ही चाल तुम्हांला पुन्हा पुन्हा दिसेल.

मुंबईला शिकवण्या करून त्यांनी कॉलेजचा खर्च भागवला. १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी.ए. झाले. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी उच्च म्हणवणाऱ्या जातींत विधवा स्त्रीला पुन्हा लग्न करता येत नसे. मुलगी आठ वर्षांची असताना विधवा झाली, तरी तिने जन्मभर तसेच राहायचे. पुरुषाला मात्र कितीही वेळा लग्न करण्याची मोकळीक होती. अण्णांनी दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच करायचे, असे ठरवले. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. पुढे त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या लग्नामुळे मुरुडच्या लोकांनी अण्णांवर बहिष्कार टाकला. आईच्या घरीही त्यांना मोकळेपणाने जाता येईना.

लग्नाने एका स्त्रीचे आयुष्य बदलते. हजारोंचे बदलायचे तर काय करावे? अण्णांनी याचे उत्तर शोधले ते शिक्षणात. १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. ज्यांनी बहिष्कार टाकला होता, त्यांच्याच लेकीसुनांना आश्रमात आणायचे होते. म्हणून आश्रमात फक्त शिकवायचे, पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असा नियम त्यांनी केला. स्वतः पुनर्विवाह केलेल्या माणसाने असा नियम करावा, हे काही सुधारकांना आवडले नाही. शिवाय आश्रमात सुरुवातीला उच्च जातींच्या विधवांनाच जागा मिळे. ही त्या कामातली मोठी उणीव होती. अण्णा त्या काळच्या लोकांना सांभाळून घेत पुढे जात होते. त्याची किंमत ज्यांना आश्रमाचे दार उघडले नाही, त्या स्त्रियांनी मोजली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. तिथे एका सज्जनाने जमीन दिली होती. सुरुवातीला तिथे एक झोपडी होती. हिंगण्याला नीट रस्ताही नव्हता. अण्णा दिवसा कॉलेजात शिकवत आणि संध्याकाळी सामान घेऊन पायी हिंगण्याला जात. सुट्ट्यांत गावोगाव फिरून ते वर्गणी गोळा करत. आपली शिल्लक आणि आपली विमा पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरात मुले लहान होती. बायांना याचा राग आला, आणि तो रास्तच होता. तरीही बाया स्वतः आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्या.

आता अण्णांची योजना पाहा. आधी विधवांचा आश्रम. मग १९०७ साली सगळ्या मुलींसाठी महिला विद्यालय. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९०८ साली, निष्काम कर्म मठ. या मठातून संस्थेला वाहून घेणारे कार्यकर्ते तयार व्हायचे होते. एक पायरी पक्की झाल्याशिवाय ते दुसरी बांधत नसत. आणि पायरी बांधताना तिच्यावर उभे राहणारे माणूसही तयार करत. संस्था काढणारे पुष्कळ असतात. आपल्यामागे ती कोण चालवील, याचा हिशेब आधीच मांडणारे थोडे असतात.

१९१४ साली अण्णा कॉलेजच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. ते विद्यापीठ १९०१ साली टोकियोत सुरू झाले होते. आपल्याकडेही असे विद्यापीठ हवे, ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत सामाजिक परिषद भरली. तिचे अध्यक्ष म्हणून अण्णांनी ही कल्पना मांडली. पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. ज्या देशात मुली प्राथमिक शाळेतही फार थोड्या, तिथे त्यांचे विद्यापीठ कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नव्हता. पण प्राथमिक शाळांत मुलींना शिकवायला शिक्षिका कुठून येणार? अण्णा त्याच प्रश्नाचे दुसरे टोक धरून बसले होते.

३ जून १९१६ रोजी पुण्यात भारतीय महिला विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे कुलपती झाले. कुलगुरू झाले डॉ. र. पु. परांजपे. ते लहानपणी अण्णांच्याच घरी राहून शिकले होते. मानाच्या जागा अण्णांनी अशा मोठ्या विद्वानांना दिल्या आणि वर्गणी मागण्याचे काम स्वतःकडे ठेवले. विद्यापीठाच्या कॉलेजात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या फक्त पाच!

या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून मिळे. इंग्रजी हा विषय मात्र सर्वांना घ्यावा लागे. इंग्रजी सक्तीची नसावी, असे महात्मा गांधींचे मत होते. अण्णांनी ते मानले नाही, तरी गांधीजींनी विद्यापीठाला पाठिंबा दिला. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, म्हणून तुम्हांला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. यानंतर दोनच वर्षांनी, १९१८ साली, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्या काळी इतर विद्यापीठांत सगळे इंग्रजीतूनच चाले. आपल्या भाषेतून मोठे शिक्षण देता येते, हे या दोन विद्यापीठांनी करून दाखवले. फरक एवढाच की उस्मानियाच्या मागे निजामाचा खजिना होता आणि पुण्याच्या विद्यापीठामागे अण्णांची झोळी होती.

पण पैशाहूनही मोठी अडचण मान्यतेची होती. सरकारने या विद्यापीठाला मान्यता दिली नव्हती. मान्यता नसली म्हणजे ती पदवी घेऊन सरकारी नोकरी मिळणे अवघड आणि दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकणेही अवघड. मग आईवडील आपल्या मुलीला इथे का पाठवतील? म्हणून विद्यार्थिनींची संख्या फार हळूहळू वाढली. बी.ए.च्या जागी इथे गृहीतागमा अशी पदवी दिली जाई. ती घेऊन बाहेर पडणाऱ्या पहिल्या मुलींनी अण्णांइतकेच धाडस केले, असे मला वाटते. त्यांची नावे फारशी कोणाला माहीत नाहीत.

मान्यतेची वाट पाहत अण्णा बसले नाहीत. त्यांनी खालच्या पायऱ्या भरायला घेतल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षिका तयार करणारे विद्यालय काढले. १९१८ साली पुण्यात कन्याशाळा काढली. शाळेतून मुली येतील, कॉलेजातून शिक्षिका निघतील, त्या पुन्हा नव्या शाळा चालवतील, असे हे गणित होते. त्याचे उत्तर यायला पुष्कळ वर्षे लागणार, हे गणिताच्या या प्राध्यापकाला पक्के ठाऊक होते.

१९२० साली मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांनीही जपानचे महिला विद्यापीठ पाहिले होते. विद्यापीठाला आपल्या आईचे नाव द्यावे, अशी त्यांची अट होती. अण्णांनी ती आनंदाने मान्य केली. त्यांच्या नावाची पाटी तिथे का नाही, ते आता तुम्हांला कळले असेल.

एवढी देणगी मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. अण्णा १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, परदेशी निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, अमेरिका असे ते फिरले आणि ठिकठिकाणी आपल्या विद्यापीठाविषयी बोलले. परतताना त्यांनी टोकियोचे ते महिला विद्यापीठ पाहिले. चौदा वर्षांपूर्वी ज्याच्याविषयी फक्त वाचले होते, त्याच्या दारात ते आता उभे होते. घरी येऊन वर्ष होते न होते तोच डिसेंबर १९३० मध्ये ते आफ्रिकेला निघाले आणि मोंबासा, झांजीबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पंधरा महिने हिंडले. तिथल्या भारतीय लोकांकडून त्यांनी विद्यापीठासाठी पैसे जमवले.

१९३६ साली विद्यापीठाची कचेरी मुंबईला गेली. पुण्याच्या माळावर वाढवलेले रोप दुसऱ्यांच्या हाती सोपवून अण्णा नव्या कामाला लागले. ज्या खेड्यांत शाळाच नव्हती, तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी एक मंडळ स्थापन केले. वय होते अठ्ठ्याहत्तर! १९४४ साली त्यांनी समता संघ काढला. सगळी माणसे सारखी आहेत, हे सांगण्यासाठी तो होता. आश्रमाच्या पहिल्या दिवसांत जे राहून गेले होते, तिकडे ते उशिरा का होईना वळले.

देश स्वतंत्र झाल्यानंतर, १९५१ साली, विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली. पाच विद्यार्थिनींच्या त्या पहिल्या वर्गाला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. ठाकरसी घराण्यातील लेडी प्रेमलीला ठाकरसी या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. आता कुलगुरूंच्या खुर्चीवर एक स्त्री होती. अण्णा तेव्हा ९३ वर्षांचे होते.

१९५८ साली, त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांना भारतरत्न ही पदवी दिली आणि त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या हिंगण्याला जायला एके काळी धड रस्ता नव्हता, तिथे आज शहराची दाट वस्ती आहे. लोक तिला कर्वेनगर म्हणतात.