आरशात उतरलेले तारे : कावसजी नायगमवाला

आरसा सुरुवातीला काचेचा नव्हता. घासून चकचकीत केलेला धातू हाच आरसा. पुढे काचेच्या मागे कथील आणि पाऱ्याचा थर देऊ लागले. त्या पाऱ्याच्या वाफेने कारागिरांच्या हातांना कंप सुटे, दात पडत. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांनी काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रासायनिक रीत दाखवली. या रीतीने दुर्बिणीही बदलल्या. तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा आरसा काळवंडला की पुन्हा घासावा लागे आणि त्यात त्याची वक्रता बिघडे. काचेवरची चांदी मात्र धुऊन काढून नव्याने चढवता येई. काचेचा आकार तसाच राही.

असा आरसा असलेली दुर्बीण पुण्यात उभी करणारे शास्त्रज्ञ म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८). मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी त्यांच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा करायचे ठरले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) ती १८८८ मध्ये सुरू झाली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण तेव्हा देशातील सर्वांत मोठी होती.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉकियर यांचे मत होते. नायगमवाला यांना सल्ला देणाऱ्यांत लॉकियरही होते. तरीही ही रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसते, म्हणजे लॉकियर यांचे मत टिकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १८९१ मध्ये मांडला. ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये सिद्ध झाले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून मराठवाडा ओलांडत विदर्भाकडे गेली. करमाळ्याजवळच्या जेऊर येथे तळ देऊन नायगमवाला यांनी या ग्रहणाचे वेध घेतले आणि त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. आरशावर नवी चांदी चढवण्याची सोय होती, पण नायगमवाला यांच्या जागी दुसरा माणूस तयार करण्याची सोय कोणी केली नव्हती.