चिंतामण द्वारकानाथ देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय प्रशासक, अर्थतज्ज्ञ व संस्कृतज्ञ होते. सी. डी. देशमुख या नावाने ते अधिक परिचित आहेत. ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उमेदवार होते. त्या निवडणुकीच्या निकालावरून झालेल्या वादात त्यांना मिळालेल्या मतांचा प्रश्न केंद्रस्थानी राहिला.

बालपण व शिक्षण

देशमुखांचा जन्म रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यात महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला.

प्रशासकीय कारकीर्द

सेवेची प्रारंभीची वर्षे त्यांनी मध्य प्रांत व वऱ्हाड येथे काढली. १९३९ साली त्यांचा रिझर्व्ह बँकेशी संबंध आला. ऑगस्ट १९४३ मध्ये ते बँकेचे गव्हर्नर झाले व जून १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्याच कार्यकाळात, १ जानेवारी १९४९ रोजी, बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले.

अर्थमंत्रिपद व राजीनामा

१९५० साली देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९५५ साली इंपीरियल बँकेचे भारतीय स्टेट बँकेत रूपांतर व १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचे निर्णय होत.

राज्यपुनर्रचनेच्या वेळी मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्रशासित करण्याचे ठरले. त्याच्या निषेधार्थ देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी न होणे, हेही त्यामागील एक कारण होते. या राजीनाम्याने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला मोठे नैतिक बळ मिळाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईसह द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले. हैदराबाद राज्यातील मराठवाडा, म्हणजे उमरगा तालुक्यासह उस्मानाबाद जिल्हाही, त्यात समाविष्ट झाला.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूर येथे, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या इच्छेविरुद्ध, नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी बहुमताने निश्चित केली. तेव्हा उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुखांना पाठिंबा दिला. १९ जुलै रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्याने आर्थिक धोरण हाही प्रचाराचा विषय बनला होता.

काँग्रेस अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी रेड्डी यांना दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या नेत्यांशी बोलणी केली. याकडे बोट दाखवून इंदिरा गांधी यांच्या गटाने पक्षादेश काढण्यास नकार दिला व सदस्यांना सद्सद्विवेकबुद्धीने मतदान करण्याचे आवाहन केले.

१६ ऑगस्ट रोजी मतदान व २० ऑगस्ट रोजी मतमोजणी झाली. रिंगणातील १५ उमेदवारांपैकी ५ जणांना एकही मत मिळाले नाही. एकूण मतमूल्य ८,३६,३३७ असून विजयासाठी ४,१८,१६९ चा कोटा आवश्यक होता. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. कोणीच कोटा न गाठल्याने पुढील पसंतीची मते मोजावी लागली. राष्ट्रपतिपदाच्या आजवरच्या निवडणुकांत असे एकदाच घडले आहे.

कोटा गाठण्यासाठी गिरी यांना १६,६५४, तर रेड्डी यांना १,०४,६२१ मतमूल्य कमी पडत होते. म्हणजे देशमुखांची जवळजवळ सर्व मते मिळाली असती, तरच रेड्डी कोट्यापर्यंत पोहोचू शकले असते. हस्तांतरित मतांचा मोठा वाटा त्यांना मिळालाही, परंतु तो पुरेसा ठरला नाही. अंतिम मोजणीत गिरी यांना ४,२०,०७७ व रेड्डी यांना ४,०५,४२७ मतमूल्य मिळून गिरी १४,६५० च्या फरकाने विजयी झाले.

निकालावरील वाद

पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध मतदान घडवून आणणे हा उघड शिस्तभंग होय, असा संघटनेच्या नेत्यांचा आक्षेप होता. विरोधी पक्षांच्या दुसऱ्या पसंतीवर विसंबणाऱ्यांनीच पक्षाची तत्त्वे सोडली, असे पंतप्रधानांच्या समर्थकांचे म्हणणे होते. एकच मतमोजणी दोन्ही बाजूंनी आपापल्या समर्थनार्थ पुढे केली. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेसमध्ये फूट पडली.

निवडणुकीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. काही उमेदवारी अर्जांवरील निर्णय चुकीचे होते आणि रेड्डी यांची बदनामी करणारे निनावी पत्रक संसद सदस्यांत वाटून अवाजवी दबाव आणला गेला, असे मुख्य आक्षेप होते. पदावर असतानाही राष्ट्रपती गिरी यांनी न्यायालयात स्वतः साक्ष दिली. पत्रकाचे वाटप गिरी यांच्या संमतीने झाले किंवा त्यामुळे निकालावर निर्णायक परिणाम झाला, हे सिद्ध न झाल्याने १९७० साली याचिका फेटाळण्यात आल्या. निकालाचा कायदेशीर प्रश्न मिटला, मात्र राजकीय वाद पुढेही चालू राहिला. १९७४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन उमेदवारासाठी १० सूचक व १० अनुमोदक आवश्यक करण्यात आले.

शैक्षणिक व साहित्यिक कार्य

देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला, तर गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ साली प्रसिद्ध झाले.

सन्मान व निधन

त्यांना १९५९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार व १९७५ साली पद्मविभूषण हा किताब मिळाला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी १९५३ साली समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. दुर्गाबाई १९८१ साली निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे देशमुखांचे निधन झाले.