किती लांबून मारला यापेक्षा कोणता मारला हे महत्त्वाचं : जिम कॉर्बेट यांची गोष्ट

अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात ऊस डोक्याच्या वर गेला की घरोघरी दोनच विषय असतात, रात्रीची लाईट आणि बिबट्या. मीही रात्री पाणी धरायला जातो. हातात बॅटरी आणि काठी असते, खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावलेली असतात. त्यामुळं कुठं हल्ला झाला की लोक दिसेल तो बिबट्या गोळ्या घालून मारा म्हणतात, तो राग मला समजतो.

गावातली पोरं आता परदेशी शिकारीचे व्हिडिओ दाखवतात. त्यात शिकारी हजार मीटरवरच्या जनावरावर नेम धरतो. शेजारी एक छोटं यंत्र नाहीतर मोबाईलचं ॲप असतं, त्याला बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर म्हणतात. अंतर, वारा, तापमान, जागेची उंची, चढ-उतार, गोळीचं वजन आणि वेग एवढं त्यात भरलं, की नेम किती वर आणि किती बाजूला धरायचा ते आकड्यात येतं. हे लागतं, कारण गोळी सरळ रेषेत जात नाही. ती जमिनीकडं ओढली जाते, हवा तिचा वेग कमी करते आणि वारा तिला बाजूला ढकलतो. १०० मीटरवर नेम जुळवलेल्या रायफलची गोळी १००० मीटरवर कित्येक मीटर खाली जाते. तिथं पोचायला तिला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात जनावरानं एक पाऊल टाकलं तरी गोळी भलतीकडं लागते.

मग आपल्याकडं वन विभाग असं का करत नाही, असं पोरं विचारतात. मला तेव्हा जिम कॉर्बेट आठवतात. नरभक्षक जनावरांच्या मागं त्यांच्याइतका फिरलेला दुसरा माणूस आपल्या देशात सापडणं अवघड.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथंच पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच वडील गेले आणि मोठं कुटुंब आईवर पडलं. हिवाळ्यात हे कुटुंब खाली कालाढुंगीला राहायचं. तिथल्या जंगलात हा पोरगा आधी गलोल आणि मग जुनी ठासणीची बंदूक घेऊन हिंडला. पावलांचे ठसे आणि वानर, भेकर, पाखरांची ओरड यावरून वाघ कुठं आहे हे तो तिथंच शिकला.

पुढं त्यांनी रेल्वेत नोकरी धरली. बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचा ठेका त्यांनी वीसहून जास्त वर्षं सांभाळला. शिकार हा त्यांचा धंदा कधीच नव्हता.

१९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीसाठी त्यांना बोलावलं. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर होती. कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. पाली गावात लोक घराबाहेर पडत नव्हते. गहू उभा होता. लोकांनी पीक काढावं म्हणून ते स्वतः रायफल घेऊन शेतात उभे राहिले. शेवटी वाघीण समोर आली तेव्हा जवळची काडतुसं संपली होती. तहसीलदारांची जुनी बंदूक घेऊन त्यांनी वीसेक फुटांवरून शेवटची गोळी झाडली.

मेलेल्या वाघिणीचं तोंड उघडलं तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे तुटलेले. कुणाच्या तरी गोळीची ती जुनी जखम होती. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसाकडं वळली. एका चुकलेल्या गोळीची किंमत एवढी माणसं मरून चुकती झाली.

दुसरी गोष्ट चौगढची. तिथं वाघीण आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू बरोबर फिरायचे. कॉर्बेट यांना दोघं एकत्र दिसली. त्यांनी नेम धरला, गोळी बरोबर लागली, जनावर जागेवर मेलं. जवळ जाऊन बघतात तर ते पिल्लू होतं. वाघीण सुटली आणि पुढच्या वर्षभरात आणखी १५ माणसं गेली. ही चूक त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९३० मध्ये ती वाघीण त्यांनी मारली तेव्हा दोघांत काही फुटांचंच अंतर होतं.

रुद्रप्रयागचा बिबट्या तर आपल्या बिबट्यासारखाच, रात्रीचा आणि घरापर्यंत येणारा. आठ वर्षांत १२५ माणसं त्यानं नेली. कॉर्बेट यांनी त्याचे ठसे ओळखले, त्याच्या वाटा पाठ केल्या. गुलाबराय इथं आंब्याच्या झाडावर दहा रात्री काढल्या. अकराव्या रात्री, मे १९२६ च्या सुरुवातीला, खाली बांधलेल्या बकरीची घंटा वाजली, बॅटरीचा उजेड क्षणभर पडला आणि एका गोळीत काम झालं.

नंतर त्यांनी रायफलपेक्षा कॅमेरा जास्त वापरला. १९३६ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी खटपट केली. आज ते उद्यान त्यांच्याच नावानं आहे. १९४७ मध्ये ते बहिणीबरोबर केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ ला तिथंच वारले.

आता आपल्याकडं बघा. उसात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, तिथं हजार मीटरचा हिशोब काय कामाचा? मोकळ्या रानात दिसला तरी वस्त्या चहूबाजूंनी, चुकलेली गोळी कुणाच्या अंगणात जाईल सांगता येत नाही. आणि ज्यानं हल्ला केला तोच हा बिबट्या, हे कोणतंही ॲप सांगत नाही. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये विहिरीत पडलेल्या बिबट्याला रेडिओ पट्टा लावून माळशेज भागात सोडलं होतं. तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत मुंबईपर्यंत गेला. लोक त्याला आजोबा म्हणून ओळखतात. वाटेत वस्त्या होत्या, पण त्यानं कुणाला हात लावला नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात माणसाच्या जिवावर उठलेला बिबट्या मारायची सोय आहे. पण आधी पकडायचा किंवा बेशुद्ध करायचा मार्ग उरलेला नसावा आणि मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश असावा लागतो. आदेश लवकर मिळावा, पिंजरे वेळेवर यावेत, शेतीला दिवसा लाईट मिळावी ही आपली मागणी रास्त आहे आणि ती लावून धरली पाहिजे.

हल्ला झाला तर ठशांवर गर्दी करू नका, जागा पाटीनं झाकून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. नंबर लक्षात राहायला सोपा आहे, रुद्रप्रयागचा बिबट्या मारला गेला तेच साल.