भिकेऐवजी अक्षरे देणारे आवी

पॅरिसच्या सेंट ओव्हिड जत्रेत १७७१ साली एका उपाहारगृहाने गर्दी खेचण्यासाठी अंध वादकांना विदूषकी टोप्या आणि पुठ्ठ्याचे चष्मे चढवून बसवले होते. लोक हसत होते. व्हॅलेंटिन आवी यांना मात्र ते दृश्य असह्य झाले.

विणकराच्या घरात १७४५ साली जन्मलेले आवी हे व्यवसायाने भाषांतरकार. बधिर मुलांसाठी आबे द लेपे यांची विनामूल्य शाळा पॅरिसमध्ये होती. अंधांच्या वाट्याला मात्र भीक किंवा आश्रम. १७८४ साली आवींनी चर्चच्या दाराशी भीक मागणाऱ्या फ्रान्स्वा लेस्युअरला शिकवायला घेतले. तो शिकायला बसला तर घरच्यांनी खायचे काय? बुडणाऱ्या भिकेची भरपाई आवींनीच केली! कागदावर उठावाची अक्षरे छापून त्यांनी त्याला बोटांनी वाचायला शिकवले. पुढच्याच वर्षी शाळा उभी राहिली आणि १७८६च्या डिसेंबरात तिचे विद्यार्थी व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर वाचून दाखवत होते.

हे सारे देणग्यांवर चालले होते. क्रांतीनंतर, १७९१ साली, राष्ट्रीय सभेने अंध व बधिर मुलांच्या शिक्षणाचा भार सरकारवर घेतला. पण दोन्ही शाळा एकाच जुन्या मठात कोंबल्या. खुणांनी बोलणारी मुले आणि खुणा न दिसणारी मुले एकत्र ठेवण्यात शिक्षणशास्त्रापेक्षा काटकसरच अधिक असावी. शिक्षकांत खटके उडाले; १७९४ साली शाळा वेगळ्या झाल्या.

खरा घाव नेपोलियनच्या राजवटीत बसला. १८०१ साली अंध मुलांची रवानगी कँझ-व्हँ या तेराव्या शतकातील अंधाश्रमात, प्रौढ आश्रितांमध्ये झाली. शाळेचा पुन्हा आश्रम झाला. विरोध करणाऱ्या आवींना १८०२ साली दूर करण्यात आले. १८०६ साली ते झारच्या निमंत्रणावरून सेंट पीटर्सबर्गला गेले.

१८१७ साली ते परतले तेव्हा मुलांना स्वतंत्र शाळा पुन्हा मिळाली होती. पण तत्कालीन संचालकांनी संस्थापकालाच दार बंद केले. संचालक बदलल्यावर, १८२१ साली, विद्यार्थ्यांनी वृद्ध आवींचा सत्कार केला. त्या मुलांत शिष्यवृत्तीवर आलेला बारा वर्षांचा लुई ब्रेल होता. मार्च १८२२ मध्ये आवी निवर्तले.

त्यांची उठावाची अक्षरे मुलांना वाचता येत, पण स्वतः लिहिता येत नसत. ब्रेल यांनी ती उणीव ठिपक्यांच्या लिपीने भरून काढली. ती १८२९ साली त्याच शाळेतून प्रसिद्ध झाली.